‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ : एका प्रश्नाची चिकित्सा



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला विचारलं, ‘सर, हे तत्त्वज्ञानाचं व्याख्यान आहे की आठवणींचं?’ मी म्हटलं, आठवणी सांगणार आहे, पण कौतुकानं नाही. एका लेखनप्रकारावर मला टीका करायची आहे, आणि त्या लेखनप्रकाराचा मी स्वतः एक जुना लेखक आहे. म्हणजे आजच्या खटल्यात फिर्यादीही मीच आणि आरोपीही मीच. निकाल तुम्ही द्या.

हा लेखनप्रकार तुमच्या ओळखीचा आहे. देशावर मोठा आघात झालेला एखादा दिवस असतो. त्याला दहा, पंचवीस, चाळीस वर्षं झाली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत आणि आता फोनवरच्या ग्रुपात लेख येतात. ‘इंदिराजी गेल्या तेव्हा मी...’, ‘त्या रात्री मुंबईत गोळीबार सुरू झाला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो...’ पहिलं वाक्य वाचलं की पुढचं आपल्याला येतं. आधी जागा. मग मी काय करत होतो. मग बातमी कुणी आणली. मग माझी अवस्था, मग आजूबाजूच्यांची. कुणीतरी हातातलं भांडं तसंच खाली ठेवतं, कुणीतरी रेडिओचा आवाज वाढवतं, आणि लेख संपतो.

हा साचा मी आज शोधून काढलेला नाही. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक निबंध लिहिला. १९६३ मधल्या केनेडींच्या हत्येची बातमी तुम्हांला कशी कळली, असं त्यांनी लोकांना विचारलं होतं. उत्तरांत सहा गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: जागा, चालू असलेलं काम, बातमी देणारा माणूस, इतरांच्या भावना, स्वतःच्या भावना आणि ‘त्यानंतर’ काय केलं ते. अशा आठवणीला त्यांनी ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ म्हटलं. आपल्या लहानपणी लग्नात फोटोग्राफर एकदाच जळणारा बल्ब उडवायचा, आठवतंय? लख्ख उजेड पडायचा आणि समोर असेल ते सगळं, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसकट, फोटोत उतरायचं. मोठा धक्का बसला की मन असाच एक बल्ब उडवतं, अशी त्यांची कल्पना.

यातला सहावा मुद्दा, ‘त्यानंतर’, लक्षात ठेवा. आपल्याकडच्या लेखांत तो नेमका सगळ्यांत आखूड असतो. माझं आजचं म्हणणं त्या आखूडपणाबद्दल आहे.

आता आरोपीची जबानी.

३१ ऑक्टोबर १९८४. मी तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो. त्या दिवसाची माझी आठवण मी तीस वर्षं सांगत आलो. ती अशी: सकाळचे अकरा. दुसऱ्या वर्षाचा वर्ग. फळ्यावर मी कांटचा कर्तव्यविचार समजावून सांगतोय. शिपाई दारात येतो. एरवी तो नोटिशीचं रजिस्टर पुढे करायचा, आज नुसता उभा. म्हणतो, ‘सर, इंदिराबाई गेल्या.’ मी खडू ठेवतो. वर्ग उभा राहतो. दोन मिनिटं कुणी बोलत नाही.

चांगली आहे ना? कॉलेजच्या वार्षिक अंकात छापूनही आली होती. एका माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मी ती सांगितली, तर मागून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘सर, मी होतो त्या वर्गात!’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

२०१६ साली माझी थोरली बहीण गेली. ती साताऱ्याला असायची. तिच्या मुलानं पत्रांची एक पिशवी मला आणून दिली. ताईनं आम्हां भावंडांची सगळी पत्रं जपली होती. त्यात माझंच एक कार्ड सापडलं. तारीख १ नोव्हेंबर १९८४, अक्षर माझं. त्यात मी लिहिलंय, की काल दुपारी दळण घेऊन गिरणीत उभा होतो, गिरणीवाल्याच्या रेडिओवर गोळ्या घातल्याचं कळलं, गिरणीच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून त्यानं पट्टा काढला, आणि बाई गेल्याचं संध्याकाळी पक्कं समजलं.

गिरणी! पिठाची गिरणी. शिपाई नाही, खडू नाही, कांट तर नाहीच.

खरं म्हणजे कार्ड सापडायची वाट बघायचं कारणच नव्हतं. साधं डोकं चालवलं असतं तरी कळलं असतं. त्या वर्षीची दिवाळी आठवड्यापूर्वी झाली होती. कॉलेजला सुट्टी होती. सुट्टीत मी कुठला वर्ग घेणार? आणि बाईंवर गोळ्या झाडल्या गेल्या सकाळी सव्वानऊनंतर, सफदरजंग रोडच्या घरातून अकबर रोडच्या कार्यालयाकडे पायी जाताना. तिकडे पीटर उस्तिनॉव्ह मुलाखतीसाठी कॅमेरा लावून बसले होते. बीबीसीनं मृत्यूची बातमी दुपारी दिली. आकाशवाणीनं ती अधिकृतपणे सांगितली संध्याकाळी. म्हणजे आमच्या गावचा शिपाई अकरा वाजता जे सांगत होता, ते देशाला संध्याकाळपर्यंत सांगितलं गेलं नव्हतं. तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ही विसंगती दिसली नाही. आणि त्या वर्गात आपण होतो असं म्हणणारे ते गृहस्थ? ते खोटं बोलत नव्हते. मीही बोलत नव्हतो. जो वर्ग भरलाच नाही त्यात आम्ही दोघंही मनापासून हजर होतो.

माझ्या सोबतीला मोठी माणसं आहेत, एवढाच दिलासा. अल्रिक नाइसर हे स्मृतीच्या मानसशास्त्रातलं फार मोठं नाव. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, अशी त्यांची वर्षानुवर्षं पक्की आठवण होती. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की डिसेंबरात बेसबॉल नसतोच. पुढे इतर संशोधकांनी दाखवून दिलं, की बहुधा तो फुटबॉलचा सामना असावा. त्या दिवशी खेळणाऱ्या दोन्ही फुटबॉल संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती.

नाइसर आणि निकोल हार्श यांनी पुढे याची रीतसर तपासणी केली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी आपल्या विद्यापीठातल्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणाकडून, काय करत होतात. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या चव्वेचाळीस जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यांतल्या अकरा जणांचं एकही उत्तर पहिल्याशी जुळलं नाही. सगळं जुळलं फक्त तिघांचं. ‘मी ते पहिल्यांदा टीव्हीवरच पाहिलं’ म्हणणाऱ्यांची संख्या मधल्या काळात दुप्पट झाली होती. मग प्रत्येकाला त्याच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला. तरीही विसरलेली मूळ आठवण परत आली नाही. कागद आपला आहे हे मान्य, पण मनातलं चित्र तेच. मला ते चांगलंच समजतं. कार्ड माझ्या टेबलावर आहे, आणि डोळे मिटले की आजही मला शिपाईच दिसतो. गिरणी दिसत नाही.

आपल्या न्यायदर्शनाला यातलं काहीच नवल वाटलं नसतं. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आम्ही पहिल्या वर्षाला शिकवायचो. तो ज्ञानाचे दोन भाग पाडतो: अनुभव आणि स्मृती. नुसत्या संस्कारातून निपजते ती स्मृती. आणि प्रमाणांचा विचार सुरू होतो तेव्हा स्मृती बाहेर राहते. मीमांसक म्हणतात, ती एकदा घेतलेलंच पुन्हा घेते, म्हणून तिला प्रमाण म्हणायचं नाही. जयंतभट्टाचं कारण त्याहून खोल आहे. आठवण होते त्या वेळी तो विषय समोर नसतो, विषयातून ती जन्मत नाही, म्हणून ती प्रमाण नाही. मी शिपाई पाहतो तेव्हा समोर ना शिपाई आहे, ना वर्ग. आहे तो मनावरचा एक ठसा, आणि तो पुन्हा पुन्हा सांगून मीच गिरवलेला.

जैन तार्किक मात्र स्मृतीला प्रमाणांत बसवतात. त्यांचंही म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. आठवणीला काहीच किंमत नसेल तर घेतलेलं कर्ज, दिलेला शब्द, सगळा व्यवहारच थांबेल. म्हणून आठवणी फेकून द्या असं मी म्हणत नाही. पावती बघून घ्या, एवढंच म्हणतो.

इथपर्यंत माझी टीका तशी सोपी होती: हे लेख वस्तुस्थितीच्या बाबतीत भरवशाचे नाहीत. कुणी म्हणेल, नसेनात का! गिरणी असो की वर्ग, तुम्हांला दुःख झालं हे तर खरं? हा प्रश्न रास्त आहे आणि नाइसरनीच त्याचं उत्तर दिलेलं आहे. अशा आठवणी फोटो नसतात, खुणेचे दगड असतात, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश. आपलं लहानसं आयुष्य आणि देशाचा मोठा इतिहास हे दोन रस्ते ज्या ठिकाणी एकमेकांना भेटले, तिथे आपण दगड रोवतो आणि म्हणतो, मीही होतो. मोरिस हाल्बवाक्स हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ म्हणायचा, की माणूस एकटा आठवत नाही, कुठल्या तरी समूहाच्या चौकटीत बसून आठवतो. म्हणजे ‘मी तेव्हा कुठे होतो’ हे वाक्य जागा सांगत नाही, सभासदत्व सांगतं. मीही या शोकात होतो, मलाही मोजा.

मी गिरणीचा वर्ग का केला असेल? तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं राष्ट्रीय शोकात सामील व्हायचं ते पिठानं माखलेल्या अंगानं? शोभत नाही. खडू, फळा आणि कांट शोभतात. माझ्या मनानं मला त्या दिवसासाठी बरे कपडे घातले, बस.

पण सभासदत्व म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: या मंडळात कोण आहे, आणि कोण नाही? ब्राउन आणि कुलिक यांनी निम्मे गोरे आणि निम्मे काळे लोक निवडले होते. केनेडींची आठवण जवळजवळ सगळ्यांनाच लख्ख होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची मात्र काळ्यांपैकी तीन-चतुर्थांशांना होती आणि गोऱ्यांपैकी साधारण एक-तृतीयांशांना. देश एक, टीव्ही एकच. बल्ब कुणाच्या घरी उडाला, हे मेलेला माणूस कुणाला आपला वाटत होता त्यावर ठरलं.

आता पुन्हा १९८४ कडे येऊ या, आणि ३१ ऑक्टोबरवरून पुढे सरकू या.

त्या संध्याकाळपासून दिल्लीत शिखांवर हल्ले सुरू झाले. १, २, ३ नोव्हेंबर. त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी. सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मारली गेली. आगगाड्यांतून ओढून काढून मारली गेली ती वेगळी. ३ नोव्हेंबरला बाईंचे अंत्यसंस्कार झाले. ते आपण दूरदर्शनवर पाहिले.

मी माझ्या पिढीच्या लोकांना विचारून पाहिलंय. ३१ ऑक्टोबरला कुठे होता? लगेच उत्तर येतं, रंगवून येतं. २ नोव्हेंबरला कुठे होता? शांतता. हिंदीत, इंग्रजीत, पंजाबीत त्या तीन दिवसांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यामुळे माहिती सगळ्यांना आहे. पण ती माहिती आहे, आठवण नाही. ‘दिल्लीत दंगल झाली’ असं आपण म्हणतो. ‘मी तेव्हा’ असं त्या वाक्याच्या सुरुवातीला येत नाही.

आपण वापरतो तो शब्दसुद्धा बघा, राष्ट्रीय शोकांतिका. शोकांतिका म्हणजे जिचा अंत शोकात होतो अशी नाट्यकृती. पडदा पडला, लोक डोळे पुसत घरी गेले. ३१ ऑक्टोबरला आपण शोकांतिका म्हणतो तेव्हा बातमी कळली तिथेच आपण पडदा पाडतो. काही लोकांच्या घरी मात्र त्या बातमीनं पडदा वर गेला होता.

त्यांनाही कुणीतरी विचारलं, ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ पण कुणी विचारलं? चौकशी आयोगानं. पोलिसानं. उलटतपासणी घेणाऱ्या वकिलानं. आपल्या भाषेत हा प्रश्न तीन सुरांत विचारला जातो. जुने मित्र भेटले की एका सुरात. पोलीस ठाण्यात दुसऱ्या सुरात. आणि संकटाच्या वेळी न आलेल्या भावाला बहीण विचारते, ‘तेव्हा तू कुठे होतास रे?’, तो तिसरा सूर. आपल्या पुरवण्यांतले लेख फक्त पहिला सूर ओळखतात.

दिल्लीतल्या त्या बायकांना दुसऱ्या सुरातल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं, आणि तेही किती वर्षं! नानावटी आयोग नेमला गेला तोच २००० साली. दिल्ली उच्च न्यायालयानं एका माजी खासदाराला जन्मठेप सुनावली ती डिसेंबर २०१८ मध्ये. चौतीस वर्षं. चौतीस वर्षं तोच प्रश्न: किती वाजता, कुठल्या गल्लीत, तुम्ही दाराच्या आत होता की बाहेर, चेहरा दिसला तो किती अंतरावरून? माझ्या आठवणीत अख्खं कॉलेज उघडं निघालं तरी माझं काही बिघडलं नाही. वार्षिक अंकात छापून आलं, टाळ्या मिळाल्या. साक्षीदाराचा एक तास इकडचा तिकडे झाला, पहिल्या जबाबात नसलेलं नाव दुसऱ्या जबाबात आलं, की वकील त्यावर बोट ठेवतो. चॅलेंजरचा तो प्रयोग माझ्या बाबतीत मजेदार किस्सा आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात तो हत्यार होतो. चुकण्याची मुभासुद्धा सगळ्यांना सारखी नसते. या लेखनप्रकारावर माझा मुख्य आक्षेप हा आहे. जिथे आठवण चुकली तरी फरक पडत नाही तिथे आपण शाई ओततो, आणि जिथे तिच्यावर कुणाचा तरी न्याय अवलंबून आहे तिथे आपल्याला काहीच आठवत नाही.

कुणी म्हणेल, सर, ते दिल्लीचं झालं. मग घरचं घेऊ.

३० जानेवारी १९४८. गांधीजींची हत्या. माझा जन्म नंतरचा, पण मोठ्यांच्या तोंडून ऐकलंय. मारणारा महाराष्ट्रातला ब्राह्मण आहे हे कळल्यावर पुण्यात, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. ‘अठ्ठेचाळीसचं जळीत’ हा शब्द त्या भागात आजही कानावर येतो. ज्यांची घरं जळली त्यांच्या आठवणी मी ऐकल्यात. दाराची कडी, विहिरीत टाकलेली भांडी, आदल्या रात्री सावध करून गेलेला शेजारी, सगळं असतं. गांधी जवळजवळ नसतात. ते जळिताचं कारण म्हणून एका ओळीत येतात. ज्यांची घरं जळली नाहीत त्यांच्या आठवणीत गांधी असतात, रेडिओ असतो, न पेटलेली चूल असते. जळीत नसतं. गांधीहत्येनंतर काही लोकांनी मिठाई वाटली, असं सरदार पटेलांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवलंय. पण ‘मी तेव्हा पेढा खाल्ला’ अशी आठवण मला आजवर कुणी सांगितलेली नाही. आणि ‘मी तेव्हा पलिता धरला होता’ अशीही नाही. हजारो हातांनी घडलेल्या गोष्टी, आणि आठवणीत एकही हात सापडत नाही.

याच विषयावर व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही छोटी कादंबरी आहे. तिच्याकडे मी या लेखनप्रकारावरचा उतारा म्हणून पाहतो. त्यातले तरुण पुण्यात असतात आणि तिथून गावाकडे निघतात. लेखकाला रस आहे तो त्या रस्त्यात आणि गावात काय झालं त्यात. बातमीचा क्षण त्यानं कुरवाळलेला नाही. ब्राउन आणि कुलिक यांच्या भाषेत सांगायचं तर ‘त्यानंतर’ हाच तिचा विषय आहे. पडदा पडायचा तिथे ती सुरू होते.

आता शेवटचा भाग, आणि तो मला सांगायला जड जातो.

ताईच्या पिशवीतल्या त्या कार्डावर गिरणीच्या मजकुराखाली अजून दोन ओळी होत्या. ‘हायवेवरच्या सरदारजींचं गॅरेज कालपासून बंद आहे. उद्या जाऊन बघून येतो.’

आमच्या गावाबाहेर रस्त्याला लागून ट्रकचं गॅरेज चालवणारे एक सरदारजी होते. गावातलं शिखांचं ते एकच घर. त्यांचा मुलगा आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. माझ्या तर्कशास्त्राच्या तासाला पुढच्या बाकावर बसायचा. माझी स्कूटर कधी बिघडली तर सरदारजी पैसे घ्यायचे नाहीत. म्हणायचे, तुम्ही पोराला शिकवता. आमच्या गावात काही झालं नाही, हे आधीच सांगतो. कुणी दगडही मारला नाही. ते घर पुढे वर्षभरात गाव सोडून गेलं. का, ते मी विचारलं नाही.

कार्ड वाचलं आणि मी आठवायला बसलो: मी दुसऱ्या दिवशी गेलो का? काहीच आठवेना. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर अंत्ययात्रा बघितलेली आठवते, चंदनाची चिता आठवते, शेजारणीनं दिलेला चहा आठवतो. गॅरेजकडे जाणारा रस्ता आठवत नाही. ‘गेलो असतो तर आठवलं असतंच’ असं म्हणायची सोय नाही, कारण आठवणीचा भरवसा नाही हे मीच आत्ता अर्धा तास सिद्ध करत होतो. त्याच नियमानं ‘गेलोही असेन, विसरलो असेन’ अशी पळवाटही निघते. काही दिवस मी त्या पळवाटेत राहिलो.

मग मी पिशवीतलं पुढचं पत्र काढलं. १० नोव्हेंबरचं, आंतर्देशीय. मुलीचा ताप, पाण्याचा पंप, कॉलेज कधी उघडणार, सगळं त्यात आहे. सरदारजी नाहीत. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी नावाचं एक वेगळं प्रमाण मानतात. टेबलावर पुस्तक नाही, हे कशानं कळतं? असतं तर दिसलं असतं, दिसत नाही, म्हणून नाही. अट एकच: ते असतं तर दिसण्याजोगं असलं पाहिजे. मी ताईला बारीकसारीक सगळं लिहायचो. तिला ‘उद्या जातो’ म्हणून कळवलं होतं. गेलो असतो तर लिहिलं असतं. लिहिलेलं नाही. सबब, गेलो नाही.

आयुष्यभर शिकवलेलं एक प्रमाण स्वतःवर नीट वापरायचा प्रसंग मला पंचेचाळिशीत आला असता तर बरं झालं असतं. आला पासष्टीत.

मला भीती वाटली असेल का? त्या गावात कुणाची? आळस असेल. ‘आज नको, उद्या’ असेल. मारणाऱ्यांत मी नव्हतो, हे काही सांगण्यासारखं भूषण नाही. अर्ध्या तासाच्या अंतरावर एक घर दार लावून बसलं होतं, त्यातला मुलगा माझा विद्यार्थी होता, आणि ‘येतो’ असं मी लिहून ठेवलं होतं. तीस वर्षं मी लोकांना सांगत होतो, की त्या दिवशी मी कर्तव्य शिकवत होतो. आता मला वाटतं, तो वर्ग मनानं उगीच भरवला नसावा. गिरणीतून गॅरेजकडे रस्ता जात होता. वर्गातून कुठेच जात नव्हता. दोन मिनिटं उभं राहिलं की तिथलं काम संपत होतं. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मनात आलं, ते तुमच्यापासून लपवत नाही.

तेव्हा या लेखनप्रकारावर बंदी घाला असं माझं मागणं नाही. लोक लिहिणार, मीही लिहीन. पण लिहिणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, लिहिण्याआधी पावती शोधा. कॅलेंडर बघा, जुनं पत्र बघा, त्या वेळी सोबत असणाऱ्याला विचारा, आणि त्यानं लगेच हो म्हटलं तर थोडा संशय घ्या. माझ्या वर्गातले ते गृहस्थ विसरू नका. दुसरी, बातमीपाशी थांबू नका. प्रश्न एक दिवस पुढे ढकला. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठे होता? तुमच्या गल्लीत त्या बातमीनं कुणाचं दार बंद झालं, आणि ते तुमच्या लक्षात आलं होतं का? याचं उत्तर पुष्कळदा ‘आठवत नाही’ असंच येईल. तेच लिहा. खोट्या गिरण्या आणि खोटे वर्ग यांपेक्षा ती एक ओळ कुणाच्या तरी जास्त उपयोगी पडेल.

तो मुलगा आता साठीच्या आसपास असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. कुणाच्या ओळखीतून पत्ता लागला तर एक पत्र लिहायचं आहे. काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. मात्र त्यात ‘त्या दिवशी मी तुमच्या वर्गाला शिकवत होतो’ हे वाक्य नसेल, एवढं ठरलंय.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या. नमस्कार.